विश्लेषण : कुकीशिवाय लॉगिन टिकते कसे? आणि अशी लिंक फॉरवर्ड करणे महागात का पडू शकते?

एका विमान कंपनीच्या संकेतस्थळावर ग्राहकाला हवाई बेटांच्या तिकिटांवर सवलत दिसते. मित्रांनाही कळावे म्हणून तो ॲड्रेस बारमधली लिंक कॉपी करतो आणि ईमेलने पाठवून देतो. मित्र ती उघडतात. पण त्यांना सवलतीचे साधे पान दिसत नाही. ते थेट त्या ग्राहकाच्या खात्यात पोहोचतात. तिकीट काढले तर पैसे त्याच्या क्रेडिट कार्डातून जाणार असतात. इथे कुणी पासवर्ड चोरलेला नसतो, कुणी हॅकिंग केलेले नसते. ग्राहकानेच आपल्या खात्याची चावी लिंकसोबत पाठवून दिलेली असते.

वेब सुरक्षेवर काम करणाऱ्या 'ओवॅस्प' या ना-नफा संस्थेने २०१० साली वेबवरच्या दहा मोठ्या धोक्यांची यादी प्रसिद्ध केली, त्यात समजावण्यासाठी अशाच प्रसंगाचे उदाहरण दिले आहे. प्रसंग काल्पनिक असला तरी त्यामागचे तंत्र खरे आहे. त्याला 'कुकीलेस सेशन', म्हणजे कुकीशिवाय चालणारे सेशन, म्हणतात. कधीकाळी ते बहुतेक मोठ्या वेब फ्रेमवर्कमध्ये उपलब्ध होते आणि एका ओळीच्या सेटिंगने चालू करता येत असे. जुन्या संकेतस्थळांवर ते आजही आढळते. ते कसे चालते, का आणले गेले आणि दिवसभर लिंक पाठवणाऱ्यांनी त्याबाबत काय लक्षात ठेवावे, ते पाहू.

सर्व्हर आपल्याला विसरतो का?

वेब ज्या एचटीटीपी या नियमावलीवर चालते, तिला स्मरणशक्ती नाही. ब्राउझर एक पान मागतो, सर्व्हर ते देतो आणि तिथे व्यवहार संपतो. पुढच्याच सेकंदाला त्याच ब्राउझरने दुसरे पान मागितले तरी सर्व्हरच्या दृष्टीने तो नवा, अनोळखी माणूस असतो. केवळ बातम्या वाचायच्या असतील तर याने काही बिघडत नाही. पण खरेदीच्या यादीत दोन वस्तू टाकून तिसरी शोधायला गेल्यावर पहिल्या दोन गायब झाल्या, तर ऑनलाइन दुकान चालणारच नाही. बँकेच्या संकेतस्थळावर तर प्रत्येक पानाला पासवर्ड टाकावा लागेल.

यावरचा उपाय म्हणजे सेशन. देवळाबाहेरच्या चप्पल स्टँडवर जे घडते, तेच इथे घडते. चपला दिल्या की स्टँडवाला क्रमांकाचा एक बिल्ला हातात देतो. परत आल्यावर तो आपला चेहरा आठवत बसत नाही, बिल्ल्यावरचा क्रमांक पाहून चपला काढून देतो. सर्व्हरही पहिल्या भेटीत एक लांबलचक, अंदाज न येणारा क्रमांक तयार करतो. त्याला सेशन आयडी म्हणतात. लॉगिन कुणाचे आहे, यादीत कोणत्या वस्तू आहेत, फॉर्मचा कितवा टप्पा चालू आहे, ही सगळी माहिती सर्व्हरकडे त्या क्रमांकाखाली जपलेली असते. ब्राउझरने दर वेळी तो क्रमांक दाखवला की झाले.

या व्यवहारातली महत्त्वाची गोष्ट अशी, की बिल्ला ज्याच्या हातात, चपला त्याच्या. सर्व्हर माणसाला ओळखत नाही, बिल्ला ओळखतो. म्हणून बिल्ला कुठे ठेवायचा, हा सगळ्यात कळीचा प्रश्न ठरतो.

बिल्ला ठेवण्याच्या दोन जागा

पहिली जागा म्हणजे कुकी. नेटस्केप या ब्राउझर बनवणाऱ्या कंपनीतले अभियंते लू मॉन्टुली यांनी १९९४ साली ही कल्पना मांडली. सर्व्हर उत्तरासोबत एक छोटी चिठ्ठी पाठवतो, ब्राउझर ती स्वतःकडे ठेवतो आणि त्याच संकेतस्थळाला पुढची विनंती करताना आपोआप सोबत जोडतो. वापरणाऱ्याला ती दिसत नाही, ॲड्रेस बारमध्ये येत नाही आणि लिंक कॉपी केली तरी तिच्याबरोबर जात नाही. बिल्ला खिशात ठेवण्यासारखे हे आहे.

दुसरी जागा म्हणजे खुद्द पानाचा पत्ता, म्हणजेच यूआरएल. इथे सेशन आयडी लिंकमध्येच लिहिला जातो आणि पानावरच्या प्रत्येक अंतर्गत लिंकमध्येही तो घातला जातो. त्यामुळे वापरणारा कुठेही क्लिक करत गेला तरी क्रमांक सर्व्हरपर्यंत पोहोचत राहतो. ब्राउझरला काहीही लक्षात ठेवावे लागत नाही. हे म्हणजे बिल्ल्याचा क्रमांक पाठीवर मोठ्या अक्षरांत लिहून फिरणे. कामात अडचण येत नाही, पण तो सगळ्यांना दिसतो.

मग कुकी टाळायची गरज का पडली?

आज हा मार्ग विचित्र वाटला तरी त्यामागे त्या काळची खरी अडचण होती. १९९६ च्या सुमारास वृत्तपत्रांतून कुकीची चर्चा सुरू झाली, तेव्हा आपल्या संगणकावर कुणीतरी गुपचूप काही लिहून ठेवते, या कल्पनेने अनेक जण अस्वस्थ झाले. ब्राउझरमध्ये कुकी नाकारण्याचे पर्याय आले आणि काही लोक व काही कार्यालये ते वापरू लागली. अशा ग्राहकांना दुकानाबाहेर ठेवणे कंपन्यांना परवडणारे नव्हते.

दुसरे कारण मोबाइलचे होते. त्या काळच्या अनेक साध्या फोनमधले ब्राउझर कुकी जपून ठेवू शकत नसत. जपानमध्ये एनटीटी डोकोमो कंपनीने १९९९ साली सुरू केलेली 'आय-मोड' ही मोबाइल इंटरनेट सेवा प्रचंड लोकप्रिय झाली, पण तिच्या फोनमध्ये अनेक वर्षे कुकीची सोय नव्हती. अशा फोनवर लॉगिन टिकवायचे तर क्रमांक लिंकमध्ये घालणे हाच सरळ मार्ग होता.

याचे एकदोन फायदेही होते. कुकी संपूर्ण ब्राउझरसाठी एकच असते, त्यामुळे एकाच संकेतस्थळावर दोन टॅबमध्ये दोन वेगळी खाती उघडता येत नाहीत. क्रमांक लिंकमध्ये असेल तर ते जमते. शिवाय कुकी आपोआप जोडली जात असल्याने एखादे दुष्ट संकेतस्थळ वापरकर्त्याच्या नकळत दुसऱ्या संकेतस्थळाला त्याच्या नावाने विनंती पाठवू शकते. लिंकमधला क्रमांक त्याला माहीतच नसल्याने हा विशिष्ट हल्ला तिथे चालत नाही.

एएसपी डॉट नेटमध्ये हे सेट कसे करतात?

मायक्रोसॉफ्टने २००२ साली आणलेले एएसपी डॉट नेट हे फ्रेमवर्क या सोयीचे ठळक उदाहरण. त्यात प्रत्येक वेब ॲप्लिकेशनची 'वेब डॉट कॉन्फिग' नावाची एक सेटिंग फाइल असते. तिच्यात 'सेशन स्टेट' नावाचा भाग असतो आणि त्या भागात 'कुकीलेस' नावाचे एक सेटिंग. पहिल्या आवृत्तीत त्याला 'ट्रू' आणि 'फॉल्स' एवढेच दोन पर्याय होते. 'ट्रू' लिहून फाइल जतन केली की कुकी बंद आणि लिंकमधला क्रमांक चालू. प्रोग्रामरला पानांचा कोड सहसा बदलावा लागत नसे.

२००५ साली आलेल्या २.० आवृत्तीत चार पर्याय मिळाले :

'यूज कुकीज' : क्रमांक कायम कुकीतच ठेवायचा. काहीच लिहिले नाही तर सेशनसाठी हाच पर्याय लागू होतो.

'यूज यूआरआय' : क्रमांक कायम लिंकमध्ये ठेवायचा. पूर्वीच्या 'ट्रू'चा अर्थ हाच.

'ऑटो डिटेक्ट' : आधी ब्राउझरची परीक्षा घ्यायची. सर्व्हर एक चाचणीची कुकी देतो आणि लिंकला एक खूण जोडून ब्राउझरला परत पाठवतो. कुकी परत आली तर कुकी वापरायची, नाहीतर क्रमांक लिंकमध्ये घालायचा.

'यूज डिव्हाइस प्रोफाइल' : चाचणी न घेता, तो ब्राउझर कोणता आहे आणि त्या जातीच्या ब्राउझरला कुकी झेपते का, हे फ्रेमवर्ककडच्या यादीतून पाहायचे. ब्राउझरला कुकी झेपत असली तरी वापरणाऱ्याने ती बंद केली असेल, हे या पर्यायाला कळत नाही.

'यूज यूआरआय' चालू असताना घडते ते असे. ग्राहक साधा पत्ता टाइप करतो. सर्व्हर नवा क्रमांक तयार करतो, पत्त्यात संकेतस्थळाच्या व ॲप्लिकेशनच्या नावानंतर आणि पानाच्या नावाआधी तो घालतो आणि ब्राउझरला त्या नव्या पत्त्यावर जायला सांगतो. पत्त्यात मध्येच एक कंस, त्यात 'एस' हे रोमन अक्षर, मग आणखी एक कंस आणि त्यात २४ अक्षरांची अर्थहीन मालिका दिसू लागते. ही मालिका १२० बिट लांबीच्या यादृच्छिक संख्येपासून बनते, म्हणून अंदाजाने ती ओळखणे जवळपास अशक्य असते. पुढची विनंती आली की फ्रेमवर्क तो कंस पत्त्यातून काढून बाजूला ठेवते आणि मगच पानाचा कोड चालतो. पानाच्या दृष्टीने पत्ता नेहमीसारखाच असतो.

सेट करणाऱ्यांना अडवणारे चार खाचखळगे

एक, लिंक लिहिण्याची पद्धत. शेजारच्या पानाचे नुसते नाव दिले तर ब्राउझर चालू पत्त्याच्या संदर्भाने पुढे जातो आणि क्रमांक टिकतो. पण लिंक तिरप्या रेघेपासून सुरू केली, म्हणजे संकेतस्थळाच्या मुळापासून पूर्ण मार्ग दिला, तर मधला कंस गळून पडतो. ग्राहकाची खरेदीची यादी अचानक रिकामी होते. यासाठी एएसपी डॉट नेटमध्ये 'अप्लाय ॲप पाथ मॉडिफायर' नावाची सोय आहे. ती अशा मार्गात क्रमांक पुन्हा घालून देते.

दोन, मुदत. वेगळे सांगितले नाही तर सेशन २० मिनिटांनी संपते. पण ही २० मिनिटे शेवटच्या विनंतीपासून मोजली जातात. कुणीतरी पाने उघडत राहिले तर मुदत दर वेळी पुढे ढकलली जाते. तो 'कुणीतरी' खरा मालकच असला पाहिजे, असे नाही.

तीन, संपलेला क्रमांक. जुन्या लिंकमधला मुदत संपलेला क्रमांक घेऊन कुणी आले, तर तोच क्रमांक पुन्हा जिवंत करायचा की नवा द्यायचा, हे ठरवणारे वेगळे सेटिंग आहे. ते नवा देण्याच्या बाजूनेच ठेवावे, नाहीतर एकच जुनी लिंक उघडणारे अनेक जण एकाच सेशनमध्ये येऊन बसतील. मात्र नवा क्रमांक देताना सर्व्हर ब्राउझरला दुसऱ्या पत्त्यावर पाठवतो. त्या क्षणी कुणी मोठा फॉर्म भरून पाठवला असेल, तर त्यातली माहिती हरवते.

चार, लॉगिनचे तिकीट. एएसपी डॉट नेटमध्ये सेशन आणि लॉगिन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 'फॉर्म्स ऑथेंटिकेशन' नावाची लॉगिनची सोय स्वतःचे तिकीट देते आणि तिचे कुकीलेस सेटिंगही वेगळे असते. तेही लिंकमध्ये ठेवले तर कंसात 'एफ' अक्षराने सुरू होणारी आणखी एक मालिका दिसते. फक्त सेशनचे सेटिंग बदलून काम झाले असे मानणे ही नेहमीची चूक आहे.

पीएचपी आणि जावामध्ये काय होते?

पीएचपीमध्ये हीच सोय 'यूज ट्रान्स एसआयडी' या सेटिंगने मिळत असे. ते चालू केले की पीएचपी तयार झालेल्या पानातल्या लिंक शोधून त्यांना शेवटी प्रश्नचिन्हानंतर सेशनचा क्रमांक जोडत असे. त्याचे नाव सहसा 'पीएचपीसेसआयडी' असते. जावाच्या सर्व्हरवर लिंकमध्ये अर्धविरामानंतर 'जेसेशनआयडी' येतो.

जावाच्या सर्व्हरवर हा क्रमांक कुकी चालू असलेल्यांनाही दिसत असे. त्याचे कारण साधे आहे. पहिल्या भेटीत समोरचा ब्राउझर कुकी परत आणील की नाही, हे सर्व्हरला ठाऊक नसते. म्हणून तो कुकीही देतो आणि लिंकमध्ये क्रमांकही घालतो. दुसऱ्या विनंतीत कुकी परत आली की लिंकमधला क्रमांक थांबतो. पण पहिल्याच पानावरची लिंक कॉपी झाली, तर क्रमांक तिच्याबरोबर गेलेलाच असतो.

धोका नेमका कुठे आहे?

लिंक ही वस्तूच मुळात दुसऱ्याला देण्यासाठी असते. लोक ती कॉपी करतात, ग्रुपवर टाकतात, तिचा स्क्रीनशॉट काढतात. गुपित ठेवण्यासाठी ती सगळ्यात वाईट जागा आहे. ते कसे बाहेर पडते, त्याच्या वाटा अशा :

फॉरवर्ड : सुरुवातीच्या उदाहरणातला हा प्रकार. ईमेलच्या काळात लिंक चार मित्रांकडे जायची. आता घरच्या ग्रुपवरून सोसायटीच्या ग्रुपवर आणि तिथून पुढे जायला काही मिनिटे पुरतात.

ब्राउझरची हिस्ट्री : सायबर कॅफेत किंवा कार्यालयातल्या सामायिक संगणकावर लॉगआउट न करता उठले, तर हिस्ट्रीतली लिंक मागून येणाऱ्याला आत नेते.

रेफरर : एका पानावरून दुसऱ्या संकेतस्थळाकडे क्लिक केले की आपण कुठून आलो, तो पत्ता ब्राउझर तिथे कळवतो. पत्त्यात क्रमांक असेल तर तोही जायचा. क्रोमने २०२० पासून आणि फायरफॉक्सने २०२१ पासून दुसऱ्या संकेतस्थळाला फक्त मूळ संकेतस्थळाचे नाव कळवण्याची पद्धत लागू केली, त्यामुळे ही वाट आता बरीच अरुंद झाली आहे.

नोंदवह्या : वेब सर्व्हर आलेल्या प्रत्येक विनंतीचा पत्ता लिहून ठेवतात. त्या नोंदी पाहणाऱ्या प्रत्येकाच्या हाती जिवंत सेशनचे क्रमांक लागू शकतात.

यंत्रे : लिंक टाकल्यावर चित्र आणि शीर्षक दाखवण्यासाठी अनेक समाजमाध्यमांचे सर्व्हर ती लिंक स्वतः उघडून पाहतात. म्हणजे माणसाने उघडण्याआधीच एक यंत्र त्या सेशनमध्ये डोकावून आलेले असते.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. पत्त्याशेजारी कुलूप दिसते, म्हणजे एचटीटीपीएस आहे, मग काळजी कशाला, असे अनेकांना वाटते. एचटीटीपीएस वाटेत कुणी पत्ता वाचू नये याची काळजी घेते. पण लिंक आपणच ग्रुपवर टाकली, ती हिस्ट्रीत राहिली किंवा सर्व्हरच्या नोंदवहीत लिहिली गेली, तर त्या कुलपाचा काही उपयोग नाही.

उलटा डाव : चावी चोरायची नाही, द्यायची

याहून चलाख प्रकारात हल्लेखोर क्रमांक चोरत नाही, तर स्वतःचा क्रमांक दुसऱ्याच्या गळ्यात घालतो. त्याला 'सेशन फिक्सेशन' म्हणतात. मित्या कोल्शेक या सुरक्षातज्ज्ञाने डिसेंबर २००२ मध्ये या प्रकारावर सविस्तर शोधनिबंध लिहिला.

डाव साधा आहे. हल्लेखोर आधी स्वतः संकेतस्थळावर जातो. त्याला क्रमांक असलेली लिंक मिळते. ती तो एखाद्या आकर्षक संदेशासोबत सावजाला पाठवतो. लिंक खऱ्या संकेतस्थळाची असते, नावात एका अक्षराचीही फसवणूक नसते. सावज ती उघडून स्वतःच्या पासवर्डने लॉगिन करते. सर्व्हर त्याच क्रमांकाखाली 'लॉगिन झाले' अशी नोंद करतो. तो क्रमांक हल्लेखोराला आधीपासून माहीत असल्याने तोही आत येतो.

म्हणूनच लॉगिन होताच जुना क्रमांक फेकून नवा द्यावा, हा आज सर्वमान्य नियम आहे. संपलेल्या क्रमांकाऐवजी नवा देणारे सेटिंग इथे पुरे पडत नाही, कारण हल्लेखोराने पाने उघडत राहून आपला क्रमांक जिवंत ठेवलेला असतो.

फ्रेमवर्कनी काय ठरवले?

हळूहळू बहुतेक फ्रेमवर्क एकाच निष्कर्षावर आली. पायथॉन भाषेतल्या 'जँगो'ने सेशन फक्त कुकीवरच चालवायचे ठरवले. कुकी नसेल तर लिंकमध्ये क्रमांक घालण्याची पळवाट त्यात मुद्दामच ठेवलेली नाही आणि रेफररमधून होणारी चोरी हे त्याचे एक कारण त्याच्या माहितीपुस्तिकेत दिले आहे. पीएचपीने २००९ च्या ५.३ आवृत्तीपासून 'फक्त कुकी' हेच मूळ सेटिंग केले. नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या ८.४ आवृत्तीत तर लिंकमधून सेशन चालवण्याची सेटिंग कालबाह्य ठरवण्यात आली. ती चालू केल्यास आता इशारा मिळतो. जावाच्या सर्व्हलेट ३.० नियमावलीत २००९ साली 'ट्रॅकिंग मोड' आला. त्यात फक्त 'कुकी' असे लिहिले की 'जेसेशनआयडी' लिंकमध्ये येणे थांबते. मायक्रोसॉफ्टच्या नव्या एएसपी डॉट नेट कोअरमध्येही सेशनचा क्रमांक कुकीतच ठेवला जातो.

दरम्यान कुकीही अधिक सुरक्षित झाली. 'एचटीटीपीओन्ली' खूण असलेली कुकी पानावरच्या जावास्क्रिप्टला वाचता येत नाही. 'सिक्युअर' खूण असलेली कुकी फक्त एचटीटीपीएसवरूनच जाते. 'सेमसाइट' खुणेमुळे दुसऱ्या संकेतस्थळावरून आलेल्या विनंतीला कुकी कधी जोडायची, यावर मर्यादा घालता येते. म्हणजे ज्या हल्ल्यापासून लिंकमधला क्रमांक बचाव करत असे, त्यावर कुकीतही उपाय झाला.

'कुकीलेस' हा शब्द आजही ऐकू येतो, तो कोणता?

गेल्या काही वर्षांत 'कुकीविरहित भविष्य' अशा मथळ्यांच्या बातम्या येतात. त्यांचा संबंध वेगळ्या कुकीशी आहे. त्या जाहिरात कंपन्यांच्या, म्हणजे आपण ज्या संकेतस्थळावर आहोत त्याच्याखेरीज तिसऱ्याच कुणाच्या कुकी असतात. सफारीने मार्च २०२० मध्ये त्या पूर्णपणे रोखल्या. गूगलने त्याच वर्षी क्रोममधून त्या काढण्याचे जाहीर केले होते, पण पुढे बेत बदलला. लॉगिन टिकवणारी संकेतस्थळाची स्वतःची कुकी या वादात नव्हतीच.

युरोपात कुकीसाठी संमती घ्यावी लागते, म्हणून सेशन कुकीशिवाय चालवावे, असा सल्लाही कधी कधी दिला जातो. तो चुकीचा आहे. वापरकर्त्याने मागितलेली सेवा देण्यासाठी अत्यावश्यक असलेल्या कुकीला, उदाहरणार्थ लॉगिन किंवा खरेदीच्या यादीसाठीच्या कुकीला, तिथल्या नियमांतही संमतीची अट नाही.

खरोखरच कुकी नको असेल, तर आजचा मार्ग टोकनचा आहे. मोबाइल ॲप लॉगिननंतर मिळालेले टोकन स्वतःकडे ठेवते आणि प्रत्येक विनंतीच्या शीर्षभागात जोडते. टोकन लिंकमध्ये येत नाही, म्हणून फॉरवर्ड होत नाही. मात्र ब्राउझरमध्ये ते 'लोकल स्टोरेज'मध्ये ठेवले, तर पानात घुसलेली कोणतीही परकी जावास्क्रिप्ट ते वाचू शकते.

जुने संकेतस्थळ सांभाळणाऱ्यांनी काय करावे?

शक्य असेल तर सेटिंग 'यूज कुकीज' करावे. 'ऑटो डिटेक्ट' हा मधला मार्ग वाटतो, पण कुकी बंद असलेल्यांसाठी तो लिंकमधला क्रमांक चालूच ठेवतो. बदलता येत नसेल तर मुदत कमी करावी आणि सगळे संकेतस्थळ एचटीटीपीएसवर आणावे. रेफरर पाठवूच नये, अशी सूचना ब्राउझरला द्यावी. नोंदवहीत पत्ते लिहिताना क्रमांक गाळावा. लॉगिनच्या वेळी नवा क्रमांक द्यावा. पैसे देणे, पत्ता किंवा पासवर्ड बदलणे अशा कामांआधी पासवर्ड पुन्हा विचारावा. लॉगआउट केल्यावर सर्व्हरकडचे सेशन खरोखर नष्ट होते ना, हेही तपासावे.

लिंक पाठवण्याआधी काय पाहावे?

लिंकमधली प्रत्येक लांब मालिका धोकादायक नसते. फेसबुकवरून आलेल्या लिंकमध्ये 'एफबीसीएलआयडी' असते, इन्स्टाग्रामच्या लिंकमध्ये 'आयजीएसएच', तर जाहिरातींच्या लिंकमध्ये 'यूटीएम'ने सुरू होणारे तुकडे. लिंक कुठून आली, याचा माग ठेवण्यासाठी ते असतात. त्यांनी खाते उघडत नाही. पण 'सेशन', 'एसआयडी', 'जेसेशनआयडी', 'पीएचपीसेसआयडी' असे शब्द किंवा पत्त्याच्या मधोमध कंसात अर्थहीन अक्षरे दिसली, तर थांबावे.

खात्री करण्याचा सोपा उपाय आहे. लिंक कॉपी करून ब्राउझरच्या इन्कॉग्निटो, म्हणजे खासगी विंडोमध्ये उघडावी. तिथे लॉगिनचे पान किंवा सर्वांसाठीचे साधे पान आले तर लिंक सुरक्षित आहे. आपले नाव, खरेदीची यादी किंवा अर्ज दिसला, तर त्या लिंकमध्ये आपली चावी आहे. ती पाठवू नये. पानावर 'शेअर'चे बटण असेल तर ते वापरावे किंवा संकेतस्थळाचा मुख्य पत्ता पाठवून पुढचा रस्ता शब्दांत सांगावा.

चुकून पाठवलीच, तर मेसेज 'सर्वांसाठी डिलीट' करणे पुरेसे नाही, कारण तोवर कुणी ती उघडलेली किंवा कॉपी केलेली असू शकते. नुसता टॅब बंद केल्यानेही सर्व्हरकडचे सेशन संपत नाही आणि दुसरा कुणी आत असेल तर मुदतही सरत नाही. त्याच खात्यात जाऊन 'लॉगआउट'वर क्लिक करावे. 'सर्व उपकरणांवरून लॉगआउट' असा पर्याय असेल तर तोही वापरावा. चप्पल स्टँडवर बिल्ला हरवल्याचे कळताच स्टँडवाल्याला सांगावे लागते. तो क्रमांक त्याने बाद केला, की सापडलेला बिल्ला कुणाच्याच उपयोगाचा राहत नाही.